इथे राहणे स्वस्त, म्हणून पगार कमी? : उद्योजकांना एक खुले पत्र

प्रति,
वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि बिडकीन येथील उद्योजक, व्यवस्थापक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : पगार ठरवताना शहरातील घरखर्चाचा पूर्ण हिशेब धरण्याबाबत.

महोदय,

शहरात नवी गुंतवणूक येण्याची बातमी आली की तिच्या मागोमाग एक वाक्य हमखास येते : पुण्या-मुंबईच्या मानाने इथे राहणे स्वस्त आहे, त्यामुळे मनुष्यबळही वाजवी दरात मिळते. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने येथे प्रकल्प उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार केला, एथर आणि जेएसडब्ल्यूची नावे शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीशी जोडली गेली, आणि तेव्हापासून हे वाक्य भाषणांतच नव्हे, नोकरीच्या मुलाखतींतही ऐकू येऊ लागले आहे. गुंतवणुकीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मराठवाड्यातल्या पोरांना चाकण-रांजणगावची वाट न धरता गावापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर काम मिळत असेल, तर ते हवेच आहे. प्रश्न त्या वाक्याच्या उत्तरार्धाचा आहे. इथे राहणे स्वस्त आहे हे आपण कोणत्या हिशेबाने ठरवले, आणि ती स्वस्ताई कामगाराच्या पगारातून वळती करून घेण्याचे कारण काय, एवढेच मला विचारायचे आहे.

मी कोण, हे सांगणे आवश्यक आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत असे. घर शहरातल्याच सातारा परिसरात आहे. खाली आम्ही राहतो आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. मंठा, जिंतूर, गेवराई, सिल्लोड अशा तालुक्यांतून आलेली कितीतरी कुटुंबे त्या खोल्यांत राहून गेली. बहुतेकांची नोकरी आपल्यापैकी कुणाच्या तरी कारखान्यात, आणि बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत. भाडे द्यायला येणारा माणूस घरमालकिणीपाशी चार गोष्टी बोलतो, आणि त्यातली एक गोष्ट ‘पैसा पुरत नाही’ ही असते. जन्मभर ताळेबंद शिकवलेल्या बाईला त्याचा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही.

जे स्वस्त आहे ते आधी मान्य करते. खोलीचे भाडे स्वस्त आहे. पुण्यात जेवढ्यात कॉट मिळते, जवळपास तेवढ्यात इथे नवरा-बायकोला एक खोली आणि छोटे स्वयंपाकघर मिळते. जाधववाडीच्या घाऊक बाजारातून येणारा भाजीपाला स्वस्त असतो, आणि छावणीच्या गुरुवारच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेले तर आणखी स्वस्त. ज्वारी मात्र या यादीतून केव्हाच बाहेर पडली आहे. गरिबाचे धान्य म्हणून जिची ओळख होती ती चांगली शाळू ज्वारी गव्हाच्या वरच्या भावाने विकली जाते, आणि माझ्या भाडेकरूंच्या ताटात भाकरीऐवजी पोळी दिसू लागली आहे ती हौसेने नव्हे. पण ते असो. भाडे आणि भाजी एवढ्या दोन रकान्यांत पाहणाऱ्याला हे शहर स्वस्तच दिसेल.

आता भाडे स्वस्त का आहे ते पाहा. ते माझ्या औदार्यामुळे नाही. शहराचा मोठा भाग गुंठेवारीत वाढला. शेतजमिनीचे वीस बाय तीसचे तुकडे पडले, ते खरेदीखताऐवजी नुसत्या बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर, विकले गेले, आणि रस्ता, गटार, नळ नंतर कधीतरी येईल या भरवशावर माणसांनी घरे बांधली. त्यांना नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत २०२० च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली, यावरूनच हे प्रकरण किती लांबले ते कळते. बॉण्डवरच्या प्लॉटला बँक सहजासहजी कर्ज देत नाही. म्हणून बायकोचे दागिने गहाण पडतात, भिशी उचलली जाते, ओळखीतल्या सावकाराकडून दरमहा शेकडेवारीच्या व्याजाने पैसे घेतले जातात. ज्या सोयी जागेच्या किमतीत धरलेल्याच नव्हत्या, त्या नसल्यामुळे जागा स्वस्त आणि म्हणून भाडेही स्वस्त. त्या सोयींचे पैसे नंतर तिथे राहणाऱ्यालाच सुटे सुटे मोजावे लागतात, आणि सुटे घेतले की सगळेच महाग पडते, हे आपल्याला कच्चा माल खरेदी करताना पुरते ठाऊक असते.

सर्वांत मोठा सुटा खर्च पाण्याचा. शहराला पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. एक जुनी योजना सत्तरच्या दशकातली, दुसरी नव्वदच्या सुरुवातीची, आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांपर्यंत गेलेली. नवी योजना २०१९ मध्ये १,६८० कोटी रुपयांची मंजूर झाली, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला, आणि अडीच मीटर व्यासाच्या त्या जलवाहिनीच्या तारखा शहराने इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांवर मी इथे शाई खर्च करत नाही. दरम्यान नळाला पाणी काही दिवसांआड येते. उन्हाळ्यात हा गॅप आठवड्याच्या पुढे गेलेलाही शहराने पाहिला आहे. २०२४ आणि २०२५ च्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडून पाणी नदीत सोडावे लागले, तेव्हाही शहराचे वेळापत्रक तेच होते, कारण अडचण धरणात नसून धरण आणि घर यांच्यामधल्या वाटेत आहे.

या पाण्याची किंमत मांडून दाखवते. २०२२ मध्ये वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आणली गेली, तेव्हा पाणी निम्म्या दरात मिळाल्यासारखे सर्वांना वाटले. हा दर धरला तर महिन्याला साधारण १६९ रुपये होतात. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. त्याप्रमाणे पाच माणसांच्या घराला महिन्याला वीस हजार लिटर मिळाले असते, तर हजार लिटरला आठ-साडेआठ रुपये पडले असते. परंतु आठव्या दिवशी तासभर पाणी आले आणि त्यात बाराशे-तेराशे लिटर भरून झाले असे धरले, तर महिन्याचे होतात पाच हजार लिटर आणि दर होतो हजार लिटरला चौतीस रुपये. पट्टी निम्मी केली तरी पाणी चौपट महाग पडू शकते, ते असे. आणि हा हिशेब ज्याच्या दारात जलवाहिनी आहे त्या भाग्यवंताचा. ज्याच्या गल्लीत ती नाही त्याला टँकर घ्यावा लागतो. पाच हजार लिटरचा टँकर हंगामाप्रमाणे सहाशेपासून हजारापर्यंत पडतो, म्हणजे हजार लिटरला एकशेवीस ते दोनशे रुपये. पिण्यासाठी वीस लिटरचा जार घरपोच वीस रुपयांना घेतला तर तोच दर हजार रुपयांवर जातो. रोज एक जार म्हणजे महिन्याला सहाशे रुपये. माझ्या वरच्या खोलीचे भाडे साडेतीन हजार आहे. त्याच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम नुसत्या जारला जाते आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात दिसत नाही.

पाणी साठवायचे म्हणजे जागाही हवी. पाच फूट लांब, रुंद आणि खोल असा हौद बांधला तर त्यात साडेतीन हजार लिटर मावतात. वीस बाय तीसच्या प्लॉटवर हौद, गच्चीवर टाकी, हौदातून टाकीत पाणी चढवायला मोटार, मोटारीची वीज आणि दर दोन-तीन वर्षांनी ती मोटार जळण्याचा खर्च, हे सगळे घरमालक करतो आणि भाड्यात वसूल करतो. ज्या खोलीला हौद नाही तिथे निळे ड्रम असतात. ड्रम दारात, ड्रम मोरीत, ड्रम पलंगाखाली मावेल त्या आकाराचे. खोली दहा बाय दहाची म्हणून भाड्याने दिलेली असते, पण राहणाऱ्याच्या वाट्याला त्यातली आठ बाय दहा येते.

याहून मोठा खर्च कुठेच नोंदला जात नाही. माझ्याकडे सध्या राहणाऱ्या जोडप्यातली बाई चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पाण्याच्या दिवशी ती घरी राहते, कारण लाईनमन वॉल्व्ह नेमका किती वाजता फिरवील हे सांगता येत नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. गल्लीत एका घराची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की सगळ्यांची धावपळ होते. नळाला फडके बांधायचे, पहिले गढूळ पाणी बादलीत धरून मोरीसाठी बाजूला ठेवायचे, मग पाईप एका ड्रममधून दुसऱ्यात, त्यातच कुणाच्या तरी मोटारीने धार ओढली की पाईप हातात धरून नुसते उभे राहायचे. एवढ्यासाठी त्या दिवसाचा रोज बुडतो. तो बुडतो हे एकवेळ ठीक, पण महिन्यात ठरावीक खाड्यांच्या वर एक खाडा झाला की हजेरी भत्ता संपूर्ण कापला जातो. एका खाड्याची किंमत अशी दोन-तीन हजेऱ्यांएवढी होते. हा खर्च पाण्याचाच आहे, फक्त तो पाणीपट्टीत न दिसता आपल्या पगारपत्रकात वजावट म्हणून दिसतो.

आता हे पाहा की त्याच नाथसागरातून औद्योगिक वसाहतींनाही पाणी जाते. एमआयडीसीची योजना स्वतंत्र आहे, तिच्या वाहिन्या स्वतंत्र आहेत, आणि कारखान्याला आठ दिवसांआड पाणी देण्याचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही, कारण तसे झाले तर आपण दुसऱ्या दिवशी मंत्रालयात जाल. आपण त्याचे औद्योगिक दराने पैसे भरता, हे मान्य. पण पैसे माझा भाडेकरूही भरतो, आणि वर मांडलेला हिशेब पाहता त्याच्या जारचा दर आपल्याला आकारल्या जाणाऱ्या कोणत्याही दरापुढे कितीतरी चढा निघेल. आठ तास खात्रीच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस उरलेले सोळा तास जारवर काढतो, आणि त्याला पगार देताना ‘इथे राहणे स्वस्त आहे’ असे सांगितले जाते.

प्रवासाचे तसेच. सातारा परिसरातून किंवा सिडकोतून वाळूजच्या टोकाला असलेल्या कारखान्यात जाऊन यायचे तर रोजचे पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. शहर बससेवा २०१९ पासून चालू आहे, बस स्वच्छ आहेत, पण सुमारे शंभर बस एवढ्या पसरलेल्या शहराला किती पुरणार, आणि रात्री पाळी सुटल्यावर थांब्यावर उभे राहण्यात अर्थ नसतो. मग जालना रोडवर शेअर रिक्षा, पुढे बाबा पेट्रोल पंपाहून दुसरी रिक्षा, किंवा सरळ हप्त्याने घेतलेली दुचाकी. महिन्याचे सव्वीस दिवस, रोजचे चाळीस किलोमीटर आणि लिटरला पन्नासचा ॲव्हरेज धरला तर एकवीस लिटर पेट्रोल लागते. पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा हे झाले दोन हजारांच्या वर, आणि गाडीचा हप्ता निराळा. इंधनाच्या बाबतीत मराठवाड्याला स्वस्ताईचा लाभ मुळीच नाही. डेपोपासूनच्या वाहतुकीमुळे परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून वर्षानुवर्षे बातम्यांत येते. याउलट ज्या मुंबईच्या महागाईचे दाखले दिले जातात, त्या मुंबईत लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट पाच रुपये आहे. मुंबईचे घर महाग आणि गाडी स्वस्त, आमचे घर स्वस्त आणि गाडी महाग. दोन्हींची बेरीज न करता नुसत्या घराची तुलना करणे हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाही चालत नाही.

आपल्या कंपन्यांच्या बस शहरभर फिरतात हे मला माहीत आहे. सकाळी त्या सेव्हन हिल्सवरून, क्रांती चौकातून जाताना दिसतात आणि त्यांत जागाही रिकाम्या दिसतात. त्या बहुतांशी कायम कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी असतात. ठेकेदाराचा माणूस त्याच फाटकातून आत जातो, त्याच लाईनवर उभा राहतो, पण त्या बसमध्ये बसत नाही.

विजेबद्दल थोडक्यात सांगते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यानंतर तीनशेपर्यंतचा दर दुपटीच्या आसपास. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतील आणि प्रत्येकाने नव्वद युनिट वापरले, तर स्वतंत्र मीटर असते तर तिघेही खालच्या टप्प्यात राहिले असते, पण एकत्र दोनशे सत्तर युनिट झाल्याने त्यातले एकशे सत्तर वरच्या दराने जातात. घरमालक सबमीटर लावून सरसकट युनिटमागे दहा-बारा रुपये घेतो आणि त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही. वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या भागांतल्या चाळवजा इमारतींत हेच चालते, आणि तिथे राहतात ती आपलीच माणसे.

‘मग काय पुण्याएवढा पगार द्यायचा का?’ असा प्रश्न येईल. या प्रश्नाचे एक उत्तर सरकारने स्वतःपुरते फार पूर्वी शोधून ठेवले आहे, आणि ते आपण पाहावे असे मला मनापासून वाटते. केंद्र सरकारने शहरांचे लोकसंख्येनुसार एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केले आहेत. मुंबई-पुणे एक्समध्ये, आपले शहर आणि नांदेड वायमध्ये, लातूर-जालना-बीड झेडमध्ये. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यानंतर या वर्गांना मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे मूळ वेतन वीस हजार असलेल्या कर्मचाऱ्याला पुण्यात सहा हजार आणि इथे चार हजार घरभाडे भत्ता. फरक दोन हजारांचा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मात्र दोन्हीकडे सारखाच, कारण तेल, साबण, औषध, गॅस आणि मुलांच्या वह्या पुण्यात आणि इथे जवळपास एकाच भावाने मिळतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. स्वस्त असेल तर घर स्वस्त आहे, तेव्हा कमी करायचे तर घरभाड्यापुरते कमी करा, असा तो साधा विचार आहे. आपण मात्र घरभाड्याची सवलत धरून अख्खा पगारच खाली ओढता. त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात त्याच यंत्रावर तेच काम करणाऱ्याच्या मूळ पगारात आणि इथल्याच्या मूळ पगारात अंतर असेल, तर ते अंतर नेमके कोणत्या खर्चाचे आहे, हे एकदा कागदावर मांडून दाखवावे. भाड्याचा फरक वजा करा, त्याला माझी हरकत नाही. त्यानंतर जे उरेल त्याला नाव द्या.

चारशे वर्षांपूर्वी या शहरात नहरींनी, म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिन्यांनी, पाणी कसे पोहोचत होते, याचा दाखला इथे प्रत्येक समारंभात दिला जातो, म्हणून मी तो देत नाही. पाण्याची आणि बसची जबाबदारी आपली नाही, ती महानगरपालिकेची आणि शासनाची आहे, हेही मला समजते. त्यांना निराळी पत्रे लिहिली आहेत आणि लिहीत राहीन. आपल्याला लिहिण्याचे कारण असे की या शहरात ज्यांचे म्हणणे मुंबईत ऐकले जाते, असे मोजकेच लोक आहेत आणि त्यांत आपण आहात. रस्ता, वीज, विमानसेवा यांसाठी आपण एकत्र येऊन जे निवेदन देता, त्यात कामगार वस्त्यांच्या जलवाहिनीची आणि पाळीच्या वेळेच्या बसची ओळ क्वचितच असते. ती असावी. हे उपकार म्हणून मागत नाही. दर दोन वर्षांनी शिकवलेली माणसे सोडून जातात ही आपलीच तक्रार मी ऐकली आहे, आणि माझ्या वरच्या खोल्या रिकाम्या होतात तेव्हा त्यातली निम्मी माणसे पुण्याकडे गेलेली असतात. तिथे भाडे दुप्पट आहे हे त्यांना जाण्यापूर्वी नीट माहीत असते.

हे सगळे लगेच होणार नाही. पण काही गोष्टींना ना शासनाचा निर्णय लागतो, ना कोटींचा निधी. कंपनीच्या बसमधली रिकामी जागा ठेकेदाराच्या माणसाला उद्यापासून देता येते. पाण्याच्या दिवशी बाईमाणसाला दोन तास उशिरा येण्याची किंवा पाळी बदलून घेण्याची मुभा एका परिपत्रकाने देता येते. आणि त्या एका दिवसापायी संपूर्ण हजेरी भत्ता कापण्याची जी पद्धत आहे, ती या महिन्याच्या पगारापासून बंद करावी, ही माझी पहिली आणि तातडीची विनंती आहे. पाणी कोणत्या वॉर्डात कोणत्या दिवशी येते याचे वेळापत्रक उपलब्ध असते. ते मनुष्यबळ विभागाने मागवून घ्यावे आणि हजेरीपटाशेजारी लावावे.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका व घरमालकीण,
सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर